लहानीचा कोयता

जंगलात मुक्कामाला जायचं म्हणजे आमच्या घरून एक गाठोडं निघायचं. त्यात मीठ, गूळ, कुटलेली हळद, मेण लावलेल्या फडक्यात गुंडाळलेली काड्यापेटी, सुताची दोरी, जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या चिंध्या आणि कडक वाळवलेल्या भाकरी असत. सगळ्यात वर, हात घातला की लागेल असा, कोयता. रोजचं खाणंपिणं ज्याचं त्याच्याजवळ असायचं. गाठोडं सोडायचं ते अडचणीत. कुणी वाट चुकलं, कुणाला काही चावलं, अवकाळी पाऊस येऊन चुली विझल्या, तर. कोयता तेवढा रोज बाहेर निघायचा, कारण कोयत्याशिवाय जंगलात बाईला ना सावली मिळते ना सरपण.

मला ते गाठोडं हवं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि आमचं सरकार नागपुरात बसायचं. वैशाखात आमच्या गावच्या पंधरा-वीस बाया मेडशीच्या पलीकडच्या डोंगरात विडीसाठी तेंदूची पानं तोडायला जायच्या. पंधरा दिवस तिथेच राहायचं, फांद्यांचे मांडव घालून. बायांची म्होरकी माझी सासू होती. तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो. गाठोडं तिच्या पाठीवर असे. कोणी कोणत्या नाल्याकडे जायचं, पाणी कोणी भरायचं, दिवस कलताना कोण परतलं नाही, हे सगळं गाठोडंवाली बघायची. ठेकेदाराचा माणूसही आला की आधी तिच्याशी बोलायचा. गावात जिला चावडीपुढून मान वर करून जाता येत नसे, त्या बाईचा शब्द जंगलात वीस बाया ऐकायच्या. घरात मला भाजीत मीठ किती टाकायचं हेही विचारावं लागायचं. तेव्हा मला ते का हवं होतं हे कोणत्याही सुनेला कळेल.

आम्ही दोघी सुना. मी मोठी, घरात येऊन सहा वर्षं झालेली. लहानी माझ्या मागून तीन वर्षांनी आली. मला घरात नावानं कोणी हाक मारत नसे, मोठी म्हणायचे, तिला लहानी. माझं माहेर इंझोरीकडचं, सपाट काळ्या मातीचं. तिथे झाड म्हणजे बांधावरची बाभूळ. तिचं माहेर जंगलाला लागून. कोणत्या झाडाची साल सोलून दोर होतो, कोणत्या झाडाखाली झोपायचं नाही, हे तिला पोटातून शिकून आल्यासारखं येई. आत्याबाई तिच्याशी बोलताना हसायची. माझ्याशी सहा वर्षांत हसली असेल ती मी पडले तेव्हा.

त्या वर्षी आत्याबाईचे गुडघे धरले होते. तिचा जुना कोयता घासून घासून विळ्याएवढा झाला होता. ती म्हणाली, "हे माहं शेवटचं साल. दोघीले एक-एक कोयता करून देते. जंगलात पायते कोनाचा हात चालते ते. मंग गाठोडं तिचं."

मी मोठी असताना पाहायचं काय होतं, हे मला कळलं नाही.

चैत्रात घिसाडी यायचे. बैलगाड्या घेऊन गावाबाहेरच्या चिंचेखाली उतरायचे. बाई घण मारायची आणि पुरुष सांडशीत लोखंड धरून ऐरणीवर फिरवायचा. आत्याबाईनं मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव दिली आणि तिचेच दोन कोयते करायला सांगितले. म्हणजे लोखंडात दुजाभाव नव्हता. तेवढं मी नीट पाहून घेतलं.

कोयत्यातलं मला कळत नव्हतं असं नाही. पोहरादेवीच्या जत्रेत पितळी कडी लावलेले चकचकीत कोयते मिळायचे, त्यांवर मी कधी गेले नाही. आडव्या फांदीवर चार घाव घातले की त्यांचं तोंड दुमडतं. कोयता सुतळीला टांगून बोटानं टिचकी मारावी. आवाज लांबला तर लोखंड एकजीव आहे, बद्द वाजला तर आत भेग आहे. मूठ धरून हात सरळ पुढे करावा आणि हळूहळू वीस मोजावे. मनगट खाली जायला लागलं तर तो कोयता आपला नाही, मग तो कितीही देखणा असो. दांडा धावड्याच्या लाकडाचा घ्यावा, घामानं तो निसटत नाही. आणि पात्याची लांबी कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत, त्याहून जास्त नको. हे सगळं मला येत होतं. घिसाड्यानंही माझा हात दोऱ्यानं कोपरापासून मोजला, एक जुना कोयता हातात देऊन म्हणाला, "बाई, या खुंटावर दोन घाव घाल." मी घातले. तो म्हणाला, "बस. समजलं."

मग आत्याबाईनं मला घरी पाठवलं, भट्टीसाठी गोवऱ्यांची पाटी आणायला. मी पाटी घेऊन परत आले तेव्हा लहानी खुंटापाशी उभी होती आणि घिसाडी, त्याची बायको, आत्याबाई असे तिघं हसत होते. मी आल्यावर हसणं थांबलं. मी विचारलं, "काय झालं?" आत्याबाई म्हणाली, "काई नाही. पाटी तिथं ठेव."

माझा कोयता दुपारपर्यंत झाला. लहानीच्या कोयत्याला त्यानं संध्याकाळ केली. पातं घासायचा, उलटं करायचा, डोळ्याशी धरायचा, बायकोवर खेकसायचा, पुन्हा घासायचा. मी चिंचेखाली बसून पाहत होते. एकाच धावेचे दोन कोयते, एकाला अर्धा दिवस आणि एकाला अख्खा. मला दुसरं काही सुचलं नाही. आत्याबाईनं त्याला सांगून ठेवलं असणार, लहानीचा नीट कर. गाठोडं कोणाला द्यायचं ते हिचं आधीच ठरलंय आणि मला नुसतं दाखवायला सोबत घेतलंय, असं मी धरून चालले.

दोन्ही कोयत्यांना सारखेच दांडे बसवले. दोन्ही गोणपाटात गुंडाळून दिले. माझ्या गोणपाटाला काळी सुतळी होती, तिच्या गोणपाटाला लाल चिंधी. निघायच्या सकाळी ती विहिरीवर गेली असताना मी गोणपाटं सोडली आणि कोयते बदलले. हक्काचं घेताना भ्यायचं कशाला.

डोंगरात पोचलो तेव्हा ऊन टोचत होतं. बाया आपापल्या जागी बसल्या, आत्याबाई एका दगडावर टेकली. आम्हा दोघींना मांडव घालायचे होते, मी डावीकडचा, लहानी उजवीकडचा. लहानीनं गोणपाट सोडलं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि थांबली. मग माझ्याकडे आली. आवाज हळू ठेवून म्हणाली, "जाऊबाई, हा तुमचा हाय."

"तुह्या गोणपाटात होता ना? मंग तुहाच."

"कोयता माहा नाही. माहा तुमच्यापाशी हाय. द्या इकडं."

"काहून देऊ?"

"त्याची धार डाव्या हाताची हाय. म्या डावरी हाव ना. एका अंगानं सपाट, एका अंगानं उतार. तुमच्या उजव्या हातात तो उलटा पडते. लाकडात शिरनार नाही, बाजूनं निंगून जाईन."

ती डावरी होती हे खरं. नवी आली तेव्हा डाव्या हातानं वाढायची, डाव्यानं पीठ मळायची. आत्याबाईनं घरात ती सवय मोडली होती. डाव्या हातानं जेवायला वाढलेलं तिला खपत नसे. तीन वर्षं लहानी सगळं उजव्यानं करत होती, मी विसरूनही गेले होते. पण पात्यालाही डावं-उजवं असतं हे मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या माहेरी कोयता लागायचा तो कडब्याला. मला वाटलं, हिला आपला चांगला कोयता परत हवा आहे आणि म्हणून ही काहीतरी शास्त्र सांगते आहे.

मी म्हणाले, "घरी उजव्यानं करते अन् जंगलात डाव्यानं?"

"आत्याबाईनंच सांगतलं. घरात माह्या रीतीनं, जंगलात तुह्या रीतीनं. घिसाड्यापाशी त्याच्यावरच तर हासले सारे."

"बरं हाय. तुले हासून देतात अन् मले गोवऱ्या आणाले धाडतात."

ती आणखी जवळ आली. मग म्हणाली, "बाई, मले गाठोडं नको असन तरी या कोयत्यापायी आत्याबाई ते तुमाले देनार नाहीत. कोयता द्या, नाही तं इजा होईन तुमाले."

गाठोडं नको असेल तरी. ते शब्द ऐकले आणि मी पाठ फिरवली. ती खरं बोलत असेल असं मनात आलंच नाही, असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण ते तिच्या तोंडून आलं होतं, म्हणून मी ते घेतलं नाही.

मी एक मोहाची फांदी उभी धरली, डाव्या हातात शेंडा, बुंधा जमिनीवर, आणि बाजूच्या डाहळ्या छाटायला लागले. पहिला घाव बसला नाही, सालीवरून सरकला. दुसराही. पातं लाकडाला चिकटून खाली यायला हवं ते बाहेर फेकलं जायचं. मी नजर वर केली तर लहानीनं माझा कोयता उजव्या हातात धरला होता आणि तिच्या फांद्या एका घावात साफ होत होत्या. घरात तीन वर्षं उजव्या हातानं काम करायला लावलं, त्यानं तिचे दोन्ही हात तयार झाले होते. माझा एकच होता आणि त्यात चुकीचा कोयता. बाया तिच्याकडे पाहत होत्या. एकजण म्हणालीही, "लहानी मांडव घालून राह्यली का लग्नाचा मंडप?" आणि आत्याबाई हसली.

मी जोर लावला. लहानीचा पहिला खांब उभा राहिला तेव्हा माझा घाव सालीवरून निसटला आणि कोयता उजव्या नडगीत बसला.

दुखलं नाही लगेच. आधी पांढरं दिसलं, मग रक्त. मी बसले. ओरडले नाही, कारण ओरडले असते तर लहानीच आधी आली असती. तरी तीच आधी आली. तिनं गाठोडं सोडलं, हळद मूठ भरून जखमेत दाबली, चिंध्या घट्ट गुंडाळल्या आणि वर दोरीचा फास आवळला. मला म्हणाली, "पाय खाली सोडू नका." मग उठून दोन सरळ खांब तोडले. डोलीसाठी. मी आडवी पडून पाहत होते. पाय फाटलेला, आणि माझं लक्ष तिच्या मनगटाकडे. एक घाव, खांब आडवा. दुसरा घाव, शेंडा वेगळा. माझ्याच कोयत्यानं. मला तेव्हा पायापेक्षा ते जास्त लागलं, आणि हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आत्याबाई आली. तिनं जमिनीवरचा कोयता उचलला, लुगड्याच्या पदरानं पुसला, पालथा केला, उलटा केला. तिला एवढंच पुरलं.

"हा लहानीचा हाय."

लहानी दोन खांबांना घोंगडी बांधत होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्याच बदलला, आत्याबाई. जाऊबाईचा हलका वाटला मले."

"तुले खोटं बोलता येत नाही, तं कायले बोलतं?"

मला वाटलं आता आत्याबाई माझ्याकडे वळेल आणि चार बायांसमोर काढायचं ते काढेल. तिनं काही काढलं नाही. पण लहानीनं माझ्यासाठी खोटं बोलावं याचाच मला राग आला. चोरी करताना माझी मी होते, पकडले जातानाही माझी मी असते. तिनं मध्ये यायची गरज नव्हती.

मला खाली सडकेपर्यंत न्यायचं होतं. तिथून मेडशीला जाणारी एखादी गाडी मिळाली असती, मेडशीत वैदू होता. डोली उचलायला चार बाया निघाल्या. आत्याबाईला माझ्यासोबत यावं लागणार होतं, सुनेला परक्या गाडीत एकटीला कसं पाठवणार. म्हणजे बाकीच्या बायांपाशी कोणीतरी राहायला हवं. आत्याबाईनं सुटलेलं गाठोडं पुन्हा बांधलं. गाठ दोनदा तपासली. मग ते लहानीच्या पाठीवर टाकलं आणि म्हणाली, "अंधाराच्या आंदी डोकी मोजजो. नाल्याच्या त्या बाजूनं कोनाले धाडू नको."

"व्हय."

इतकंच. ज्याची मी सहा वर्षं वाट पाहिली ते दोन वाक्यांत झालं, मी डोलीत आडवी असताना.

डोलीबरोबर आत्याबाई काठी टेकत चालत होती. तिचे गुडघे कुरकुरत होते, मला ऐकू येत होतं. अर्धी वाट झाल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, कोयता बरोबर असता, तं मले देल्लं असतं का?"

तिनं काठी पुढच्या दगडावर टेकली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पन तू लाकडाकडं पाहूनच नव्हती राह्यली. तिच्याकडं पाहून राह्यली होती. वीस बाया तुह्या मागं असत्या तं तू कोनाकडं पाह्यलं असतं?"

डोली धरलेल्या एका बाईनं खाकरून तोंड फिरवलं. मी डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे.

पायाची जखम भरायला पावसाळा गेला. नडगीवर अजून खड्डा आहे, बोट ठेवलं तर बसतं. त्या पावसाळ्यात मी चुलीपाशी बसून राहिले आणि लहानी शेतातून येऊन माझ्या वाटचं पाणीही भरायची. तक्रार करत नव्हती. केली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढल्या वैशाखात आत्याबाई निघाली नाही. उंबऱ्यात बसून राहिली. लहानीनं गाठोडं बांधलं, मीठ, गूळ, हळद, सगळं, वरती तिचा कोयता ठेवला. मग तो काढला आणि माझा ठेवला. ओसरीवर माझ्यापुढे आणून ठेवलं.

"जाऊबाई, औंदा तुमी घ्या."

"आत्याबाईनं सांगतलं?"

"नाही. त्याइले इचारलं नाही. मीच म्हनून राह्यली."

उंबऱ्यातून आत्याबाई ऐकत होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली.

मला गाठोडं हवंच होतं. हात पुढे केला असता तर मिळालं असतं. पण मला ते सासूच्या हातून हवं होतं, मोठी म्हणून. धाकट्या जावेनं दया येऊन दिलेलं गाठोडं मी पाठीवर घेतलं असतं तर वीस बायांना ते लगेच कळलं असतं. मी गाठोडं सोडलं, माझा कोयता बाहेर काढला, तिचा आत ठेवला आणि परत गाठ मारली.

"तुहं हाय, तुह्यापाशी ठेव."

"बाई, मी मनापासून देऊन राह्यली."

"म्हनूनच नको."

ती हसली नाही, रागावली नाही. गाठोडं पाठीवर घेतलं आणि निघाली. बाया तिच्यामागे, मी बायांमध्ये. पाय अजून आखडायचा, म्हणून त्याच्या पुढच्या वर्षी तिनं मला आपल्या मागेच चालायला लावलं. पुढे जितकी वर्षं तेंदूला गेलो तितकी वर्षं मी तिच्या मागून चालले, ते गाठोडं डोळ्यांसमोर ठेवून. माझा कोयता चांगला होता, मांडव मीही चांगले घालायचे, पण त्याकडे पाहायला आत्याबाई नव्हती. वाटेत जिथे जिथे दगड यायचा तिथे लहानी मागे वळून सांगायची, "जाऊबाई, इथं दगड हाये, जपून."

मला दगड दिसत असायचा.